न जन्मलेल्या थ्रेडची जबाबदारी

लिनक्सच्या कुठल्याही मशीनवर ‘पीएस’ची पूर्ण यादी काढली की सुरुवातीलाच चौकटी कंसातल्या नावांची रांग लागते. केथ्रेडडी, केस्वॅपडी०, आरसीयूची दोन-चार नावं, केवर्करांचा घोळका. स्कझी डिस्क असेल तर स्कझी_ईएच_०, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम असेल तर जेबीडी२. वापरकर्त्यानं यातलं काहीही सुरू केलेलं नसतं. कर्नल आपल्या कामासाठी हे थ्रेड स्वतःच उभे करतो. मेमरी आटायला लागली की केस्वॅपडी पानं मोकळी करतो, डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही की स्कझी_ईएच तिला ताळ्यावर आणायचा प्रयत्न करतो, जेबीडी२ जर्नल डिस्कवर उतरवत राहतो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं पुण्यात स्टोरेज ड्रायव्हर लिहिण्यात गेली आणि त्यातला मोठा वाटा अशा थ्रेडांच्या संगतीत. हे थ्रेड अडकले, गुंतले, एकमेकांची वाट बघत बसले तर काय करायचं, यावर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या क्षणाबद्दल. थ्रेड सुरू करायला जावं आणि तो सुरूच होऊ नये, तेव्हा काय?

पूर्वी ड्रायव्हर स्वतःच थ्रेडची नक्कल काढायचा आणि मग बोलावणाऱ्या प्रोसेसचं सगळं ओझं, म्हणजे उघड्या फाइली, सिग्नल वगैरे, अंगावरून झटकत बसायचा. २००४ साली २.६.४ या आवृत्तीत रस्टी रसेल यांनी लिहिलेली केथ्रेडची पद्धत आली आणि ही कटकट संपली. आता ड्रायव्हर केथ्रेड_रन म्हणतो. ती मागणी केथ्रेडडीच्या यादीत लागते. दोन नंबरचा पीआयडी असलेला हा थ्रेड बाकी सगळ्या कर्नल थ्रेडांना जन्म देतो आणि मागणाऱ्याला कळवतो. बूट होताना सुद्धा हा क्रम फार जपलेला आहे. इनिटला एक नंबरचा पीआयडी मिळायला हवा म्हणून तो आधी निर्माण होतो, पण त्याला पुढे थ्रेड लागणार आणि केथ्रेडडी अजून अस्तित्वातच नाही. म्हणून इनिटला निर्माण होताक्षणी थोपवून धरतात आणि केथ्रेडडी तयार झाल्याची वर्दी मिळाल्यावरच पुढे सोडतात. हा बंदोबस्त नसता तर मशीन पहिल्या क्षणांतच कोसळलं असतं, असं त्या कोडवरच्या टिपेत लिहून ठेवलंय.

थ्रेडला नकार मिळण्याची कारणं मोजकी आहेत. मागणी नोंदवायलाच मेमरी मिळाली नाही. किंवा नोंदवली गेली, पण थ्रेडच्या स्टॅकसाठी (६४ बिटांच्या इंटेल मशीनवर १६ केबी) जागा झाली नाही. किंवा मशीनवरच्या एकूण थ्रेडांची कमाल मर्यादा गाठली गेली. किंवा मागणारी प्रोसेसच वाट बघता बघता मारली गेली. यातली मेमरीची कारणं प्रत्यक्षात जवळजवळ कधीच घडत नाहीत, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. ३२ केबीपर्यंतच्या साध्या मागणीला कर्नल सहसा नाही म्हणतच नाही. जुनी पानं काढतो, वेळ पडली तर एखाद्या प्रोसेसचा बळी देतो, पण मेमरी देतो. त्यामुळे ‘थ्रेड मिळाला नाही तर’ या फाट्यावरचा कोड लिहिला जातो, रिव्ह्यू होतो, मर्ज होतो आणि वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही. पहिल्यांदा चालतो तो ग्राहकाच्या मशीनवर, आधीच काहीतरी बिघडलेलं असताना.

२०१४ च्या सुमाराची गोष्ट. विदर्भातल्या एका सहकारी बँकेत नवा सर्व्हर बसला. मेमरी ६४ जीबी, दोन कंट्रोलर, पहिल्याला डिस्कांचं मोठं कपाट जोडलेलं, दुसऱ्यावर बूटची डिस्क. डिस्ट्रो नवं, कर्नल ३.१३. मशीन कधी उठायचं, कधी आणीबाणीच्या शेलमध्ये येऊन थांबायचं. तिथला ॲडमिन फोनवर म्हणाला, “ताई, मशीन चालू आहे, पंखे फिरतायत, पण रूट डिस्कच नाही म्हणतंय.” मी त्याला लॉगचे फोटो पाठवायला सांगितले. आमच्या ड्रायव्हरची ओळ स्पष्ट होती: दुसऱ्या कंट्रोलरसाठी मेमरी अपुरी. ६४ जीबी मेमरीच्या मशीनवर, बूट होताना! ऑफिसात सगळे मेमरीच्या मागे लागले. कुणी डीएमएच्या मर्यादा तपासल्या, कुणी बायोसच्या सेटिंग.

उत्तर आमच्या ओळीच्या एक ओळ वर होतं. स्कझीच्या मधल्या थरानं लिहिलं होतं की एरर हँडलरचा थ्रेड सुरू झाला नाही, एरर उणे ४. मेमरी अपुरी असेल तर तिथे उणे १२ दिसतं. उणे ४ म्हणजे मध्येच सिग्नल आला. मधला थर खरं कारण लॉगमध्ये छापतो, पण ड्रायव्हरला परत देतो नुसता शून्य पॉइंटर. शून्याला कारण नसतं, म्हणून ड्रायव्हरनं सरळ मेमरीचं नाव घेतलं. अशी कारणं गिळणारी वळणं मी तेव्हापासून फार बारकाईनं बघते, कारण माणसं लॉगमधल्या शेवटच्या ओळीवर विश्वास ठेवतात.

आता प्रश्न असा की बूट होताना सिग्नल पाठवतंय कोण? उपकरणं ओळखून मॉड्यूल लोड करणारा यूडेव्ह. त्याची तेव्हाची मुदत ३० सेकंदांची होती. त्या वेळात काम संपवलं नाही तर तो आपल्या कामगार प्रोसेसला सिगकिल पाठवायचा. इकडे मॉड्यूल लोड होताना त्याच प्रोसेसच्या पाठीवर बसून पहिला कंट्रोलर आपल्या कपाटातल्या डिस्का एकेक शोधत होता. ३० सेकंद उलटले, सिगकिल येऊन पडला, पण प्रोसेस कर्नलमध्ये होती म्हणून लगेच मेली नाही. पहिल्याचं काम निवांत पूर्ण झालं, दुसऱ्या कंट्रोलरची पाळी आली, त्यानं एरर हँडलरसाठी थ्रेड मागितला. ३.१२ पर्यंत ही मागणी सिग्नलकडे बघतच नसे. ३.१३ मध्ये तिला ‘मारता येण्याजोगी’ केली गेली होती, त्यामुळे सिगकिल पडलेला दिसताच ती उणे ४ घेऊन परतली. मग होस्ट नाही, डिस्क नाही, रूट नाही.

३.१३ चा तो बदल चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. मेमरी संपलेली असताना कर्नलनं ज्या प्रोसेसचा बळी द्यायचा ठरवलाय तीच केथ्रेडडीची वाट बघत बसलीय आणि केथ्रेडडी मेमरीची वाट बघतोय, असा फास बसू शकत होता. तो सोडवण्यासाठीच तो बदल होता. यूडेव्हची मुदतही अडकलेल्या ड्रायव्हरांपासून बूट वाचवण्यासाठीच होती. दोन्ही शहाणपणाचे निर्णय. दोघांच्या मध्ये संथ कंट्रोलर आला. जगभर इतर ड्रायव्हरांनाही याचा फटका बसला, मुदत नंतर वाढवली गेली, आणि २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत ड्रायव्हरांचे प्रोब (उपकरण सापडल्यावर ते सुरू करणारी फंक्शनं) एकमेकांसाठी न थांबता समांतर चालवायची सोयही आली. आम्ही तेवढं थांबू शकत नव्हतो. आम्ही डिस्का शोधण्याचं लांबलचक काम प्रोबमधून काढून मागे ढकललं, आणि क्रम असा बांधला की ज्याला नकार मिळू शकतो ते सगळं (थ्रेड, वर्कक्यू, मेमरी) आधी मागून घ्यायचं आणि मगच हार्डवेअरला हात लावायचा. हार्डवेअरला काही सांगून बसल्यावर माघार घेणं फार महागात पडतं.

त्या निमित्तानं मी केथ्रेड_क्रिएटचा कोड ओळ न ओळ वाचला आणि तिथे एक जागा अशी सापडली की ती मी आजही नव्या मुलांना दाखवते. मागणारा आपली मागणी एका छोट्या चिठ्ठीवर लिहून केथ्रेडडीच्या यादीत लावतो आणि उत्तराची वाट बघतो. मध्येच त्याला सिगकिल आला तर तो निघून जाणार. पण चिठ्ठी अजून यादीत आहे किंवा नुकत्याच जन्मलेल्या थ्रेडच्या हातात आहे. तिची मेमरी मोकळी करायची कुणी? मागणाऱ्यानं केली तर दुसरा मोकळ्या झालेल्या मेमरीत वाचत राहील. कुणीच केली नाही तर गळती. तिथला तोडगा एका एक्सचेंजचा आहे. चिठ्ठीवर ‘इथे कळवा’ असं एक फील्ड आहे. निघून जाणारा ते एका अविभाज्य क्रियेनं पुसतो आणि आधी तिथे काय होतं ते बघतो. पत्ता होता, म्हणजे समोरच्यानं अजून उचललेला नाही. मग चिठ्ठी आता समोरच्याची, हा बेलाशक जाऊ शकतो. जागा आधीच रिकामी सापडली, म्हणजे समोरचा उत्तर द्यायला निघालेला आहे. मग सिगकिल असो की आणखी काही, याला थांबावंच लागतं. पलीकडे नवा थ्रेड जागा होताच पहिलं काम तेच करतो. पत्ता पुसलेला दिसला तर त्याला कळतं की मागणारा गेला. तो चिठ्ठी मोकळी करतो आणि काहीही न करता संपतो. फील्ड एकच, क्रिया एकच, आणि कुठल्याही क्षणी मालक नेमका एक.

सुरुवातच फसते तेव्हा सगळं अवघड तिथेच असतं. एरर ओळखणं सोपं आहे. अर्धवट उभं राहिलेलं जे काही मागे उरतं त्याचा धनी कोण, हे ठरलेलं नसलं की घोळ होतो.

हा घोळ किती अनुभवी हातांनाही चकवतो याचं उदाहरण २०२१ सालचं आहे आणि योगायोगानं त्याच एरर हँडलर थ्रेडचं. आधी थोडी पार्श्वभूमी. केथ्रेड_रन अपयशी झालं की शून्य परत देत नाही. एररचा आकडा ऋण करून तोच पॉइंटर म्हणून देतं. उणे १ ते उणे ४०९५ एवढे पत्ते कर्नलमध्ये याच कामासाठी बाजूला काढून ठेवलेले आहेत, म्हणून इज_एर विचारलं की खरा पॉइंटर आणि एरर वेगळे काढता येतात. पण शेजारीच अलॉक_वर्कक्यू आहे, तिथून अपयश येतं ते शून्याच्या रूपात. एकाच प्रोब फंक्शनमध्ये पाठोपाठच्या दोन ओळींत दोन वेगवेगळ्या तपासण्या कराव्या लागतात, आणि डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. रिव्ह्यूमध्ये मी अजूनही तिथे बोट ठेवून थांबते.

तर २०२१ मध्ये स्कझीच्या होस्ट निर्मितीतली एक गळती बुजवली गेली. निर्मिती मध्येच फसली तर हातानं एकेक आवरण्याऐवजी उपकरणाचा संदर्भ सोडून द्यायचा आणि नेहमीच्या रिलीज फंक्शननंच सगळं आवरायचं, असा तो बदल. विचार उत्तम, आवराआवर एकाच ठिकाणी राहते. फक्त रिलीज फंक्शन एरर हँडलरबद्दल एवढंच विचारायचं: हा पॉइंटर शून्य आहे का? नसेल तर थ्रेड थांबवा. आणि थ्रेड जन्मलाच नसेल तेव्हा त्या जागी शून्य नसतं, उणे १२ असतं. म्हणजे न जन्मलेल्या थ्रेडला थांबवायला जायचं आणि मशीन कोसळायचं. दुरुस्ती एका ओळीची झाली: एरर छापून झाला की त्या फील्डमध्ये शून्य लिहा. थोड्याच काळात ती मुख्य कर्नलमध्ये आलीही. अपयशाच्या वाटेवरची एक दुरुस्ती, आणि तिच्यामुळे त्याहून दुर्मीळ वाटेवर तयार झालेला नवा खड्डा. ही वाट कुणाच्या रोजच्या चाचणीत असणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्यानं तो खड्डा पकडला त्याच्याबद्दल मला खरा आदर वाटतो.

असा ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळल्याचा अहवाल, समोर आला तर फसायला होतं, तेही सांगून ठेवते. उणे १२ हा पॉइंटर मानून त्याच्या ४० व्या बाइटवरचं फील्ड वाचायला गेलं की पत्ता येतो २८. कर्नलला तो शून्याजवळचा दिसतो, म्हणून तो ‘शून्य पॉइंटर’ असं जाहीर करतो, आणि माणूस कोडमध्ये शून्य शोधत बसतो. फील्डचा ऑफसेट काढून त्यातून तो पत्ता वजा करायचा. ४, १२ किंवा ११ (थ्रेडांची मर्यादा गाठल्याचा एरर) यातलं काही उरलं तर कुणीतरी एररलाच पॉइंटर समजून चाललंय.

इथवर झालं थ्रेड न मिळण्याबद्दल. त्याहून जास्त रात्री मात्र माझ्या गेल्या त्या थ्रेड मिळाल्यानंतर. केथ्रेड_रन यशस्वी झालं याचा अर्थ फक्त एवढाच की टास्क तयार झाला आणि त्याला उठवलं. त्यानं आपल्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर पाऊल ठेवलं की नाही, हे त्यातून कळत नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये डिस्क घातल्या-काढल्याच्या घटना हाताळणारा एक थ्रेड होता. तो जागा झाल्यावर आधी स्वतःसाठी डीएमए बफर घ्यायचा, फर्मवेअरकडे नाव नोंदवायचा आणि मग घटनांची वाट बघायचा. रचना छान सुटसुटीत दिसायची, कारण थ्रेडचं सगळं थ्रेडमध्येच. एका ग्राहकाकडे जुन्या फर्मवेअरनं ती नोंदणी नाकारली. थ्रेड लॉगमध्ये एक ओळ लिहून परत फिरला आणि संपला. प्रोब तोवर ‘सगळं ठीक’ म्हणून निघून गेला होता. डिस्का दिसत होत्या, ग्राहकाची कामं चालू होती. कित्येक दिवसांनी कुणीतरी देखभालीसाठी मॉड्यूल काढलं. ड्रायव्हरनं केथ्रेड_स्टॉप म्हटलं, ज्या टास्कचं नाव घेतलं तो कधीच संपून त्याची मेमरी भलत्याच कुणाला मिळालेली होती, आणि मशीन पडलं. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असलं की लॉग हाताशी असूनही दिसत नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते आणि माझं मत पहिल्या प्रकाराच्या बाजूनं पक्कं आहे. थ्रेडच्या हाती अपयशी होण्याजोगं काही ठेवायचंच नाही. बफर प्रोबनं घ्यायचा, नोंदणी प्रोबनं करायची, नकार आला तर प्रोबनंच उलट्या क्रमानं आवरून परत फिरायचं. थ्रेडला फक्त फेरी द्यायची. काही कामं थ्रेडच्याच संदर्भात करावी लागतात, तिथे मात्र दुसरा प्रकार: प्रोबनं थांबायचं, थ्रेडनं आपली तयारी संपवून निकाल कळवायचा, मग दोघांनी पुढे जायचं. जेबीडी२ असंच करतं. त्याचा थ्रेड जर्नलच्या नोंदीत स्वतःचं नाव लिहीपर्यंत माउंट पुढे सरकत नाही. आणि निकाल वाईट असला तरी थ्रेडनं आपणहून निघून जायचं नाही. ‘थांब’ असं सांगितलं जाईपर्यंत जागेवर राहायचं, म्हणजे केथ्रेड_स्टॉपला बोलायला कुणीतरी जिवंत सापडतं.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. थ्रेड निर्माण केला, पण तो चालायला लागण्याआधीच केथ्रेड_स्टॉप आला, तर त्याचं फंक्शन एकदाही बोलावलं जात नाही. थेट उणे ४ परत येतं. त्यामुळे ‘जाताना थ्रेड स्वतः बफर सोडेल’ या भरवशावर लिहिलेला कोड नेमका प्रोब फसताना गळतो, कारण थ्रेड कधी आलाच नव्हता तर जाताना काय सोडेल? आणि केथ्रेड_क्रिएट करून उठवायला विसरलं तर तो थ्रेड न मोडता येणाऱ्या झोपेत पडून राहतो. काहीच काम नसलेल्या मशीनचा लोड एकावर अडकून बसतो आणि १२० सेकंदांनी हंग टास्कची तक्रार लॉगमध्ये येते. रिकाम्या मशीनवर लोड बरोब्बर एक दिसला की आमच्याकडे पहिली शंका यावरच घेतात.

हे सगळं कागदावर समजून भागत नाही, घडवून बघावं लागतं. कर्नलमध्ये मुद्दाम अपयश घडवायची सोय २.६.२० पासून आहे, आणि ४.१३ पासून तर एखाद्या प्रोसेसला ‘तुझी अमुकावी मागणी फसेल’ असं फेल-एनथमध्ये लिहून सांगता येतं. आकडा एकेक वाढवत नेला की प्रोबमधली प्रत्येक मागणी पाळीपाळीनं फसते. फसल्यावर उलट्या क्रमानं आवरणारी ‘गोटू’ ओळींची सगळी शिडी अशी तपासून होते. पण थ्रेडच्या बाबतीत एक मेख आहे: फेल-एनथ लागू होतं मागणाऱ्या प्रोसेसला, आणि थ्रेडचा खरा जन्म होतो केथ्रेडडीत. म्हणून ती चिठ्ठी फसवता येते, जन्म फसवता येत नाही. त्यासाठी आम्ही थ्रेडांच्या कमाल मर्यादेचा उपयोग करतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये शेल उघडून ठेवायचं, प्रोकमधल्या थ्रेड्स-मॅक्समध्ये चालू थ्रेडांपेक्षा कमी आकडा लिहायचा, आणि सिसएफएसमधल्या ड्रायव्हरच्या बाइंड फाइलमध्ये उपकरणाचं नाव लिहायचं. इको ही शेलची अंगची आज्ञा असल्यानं तिला फोर्क लागत नाही. एव्हाना दुसरा कुठलाही प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, साधं एलएस सुद्धा नाही. प्रोब सुरू होतो, थ्रेड मागतो, केथ्रेडडीला उणे ११ मिळतं आणि सीरियल कन्सोलवर आपलाच कोड, आपण कधीही न पाहिलेल्या वाटेनं चालताना दिसतो. मग मर्यादा पूर्ववत करायची, पुन्हा बाइंड करायचं. दुसऱ्यांदा उपकरण सुरळीत उभं राहिलं, तरच पहिल्यांदाची आवराआवर पुरी झाली होती असं मानायचं. एररचा आकडा बरोबर आला एवढ्यावर मी पास देत नाही.

राहतो सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय: थ्रेड मिळाला नाही तर पुढे जायचं की नाही? याचं एकच उत्तर कर्नलमध्येही नाही. फ्रीबीएसडीत बूटच्या वेळी ठरलेली प्रोसेस उभी राहिली नाही तर सरळ पॅनिक होतो. लिनक्सचा केस्वॅपडी बूटच्या वेळी मिळाला नाही तर मशीन तिथेच थांबतं, पण चालत्या मशीनमध्ये मेमरी वाढवताना नव्या नोडचा केस्वॅपडी मिळाला नाही तर फक्त एरर छापला जातो आणि फील्ड शून्य केलं जातं. चालतं मशीन त्यासाठी पाडणं कुणाच्याच हिताचं नाही. खूजपेजडी मिळाला नाही तर मोठ्या पानांचा फायदा जातो, बाकी काही नाही. आरसीयूचा ग्रेस पीरियड थ्रेड मात्र असा आहे की तो नसेल तर वाट बघत असलेली मेमरी कधीच मोकळी होणार नाही. तिथे आधी मशीन थांबवणारी तपासणी होती, २०१८ मध्ये ती बदलून इशारा ठेवला गेला, आणि त्या इशाऱ्यात स्वच्छ लिहिलंय की यापुढे मेमरी संपणं अपेक्षित धरा. मला हा इशारा फार आवडतो. एरर क्रमांकाऐवजी पुढे काय होणार ते तो सांगतो. आणि काही ठिकाणी नकाराची वेळच येऊ दिलेली नाही: मेमरी मोकळी करण्याच्या वाटेवरच्या वर्कक्यूंना त्यांच्या जन्माबरोबरच एक बचाव थ्रेड मिळतो, कारण ऐन टंचाईत नवा मिळेलच याची खात्री नाही.

आमच्याकडे डिस्क घातल्या-काढल्याच्या घटना हाताळणाऱ्या त्या थ्रेडवरून मोठा वाद झाला होता. एका सहकाऱ्याचं म्हणणं, “डिस्का तर दिसतायत ना? थ्रेड नसला तरी चालू दे, इशारा छापू.” मी विरोधात होते. हा थ्रेड नसताना कुणी डिस्क ओढून काढली तर ड्रायव्हरला पत्ता लागणार नाही, आणि त्याच खणात दुसरी घातली तर जुन्या डिस्कसाठीचं लिखाण नव्या डिस्कवर जाऊ शकतं. न दिसणारी डिस्क ॲडमिनला पाच मिनिटांत कळते, चुकीच्या डिस्कवर गेलेला डेटा वर्षअखेरीच्या ताळेबंदात कळतो. शेवटी ठरलं, तो थ्रेड नाही तर कंट्रोलर नाही. आकडेवारी गोळा करणाऱ्या थ्रेडला मात्र आम्ही सूट दिली. तो मिळाला नाही तर ‘आकडेवारी बंद, डिस्का सुरळीत’ अशी ओळ येते. स्कझीचा मधला थरही एरर हँडलरशिवाय होस्ट उभाच करत नाही आणि माझ्या मते तेच योग्य आहे, कारण तो नसेल तर पहिल्याच अडलेल्या कमांडपाशी प्रोसेस कायमची डी अवस्थेत लटकते आणि तिला सिगकिल देखील सोडवू शकत नाही.

कर्नलवर काम करणारे मराठी इंजिनियर आज पुण्यात, बंगळुरात आणि परदेशातही बरेच आहेत. त्यांतल्या ज्यांच्याकडे एखादा ड्रायव्हर सोपवलेला आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या प्रोब फंक्शनमधली केथ्रेड_रनची ओळ शोधा आणि तो थ्रेड न मिळाल्यास ग्राहकाचं नेमकं काय अडेल, ते तिच्या वर दोन वाक्यांत लिहा. लिहिता येत नसेल तर ज्यानं तो थ्रेड घातला त्याला आजच विचारा, तो कंपनी सोडून जाण्याआधी. मग एका व्हर्च्युअल मशीनवर मर्यादा खाली आणून ती ओळ एकदा फसवून बघा आणि लॉगमध्ये येणारं वाक्य रात्रपाळीच्या ॲडमिनला समजेल असं करा. फोनच्या पलीकडे तोच असतो आणि त्याच्याकडे तुमचा सोर्स कोड नसतो.